तेरावा फर्मा

खळकाकांना खळकाका म्हणतात यात त्यांचा काही गुन्हा नाही. चाळीस वर्षं माणूस पिठाची खळ शिजवतो, ती पुठ्ठ्याला लावतो, बाहीला लावतो, चष्म्याच्या दांडीला लावतो, तर लोक त्याला दुसरं म्हणणार तरी काय. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर येतं, आणि तेही चुकीचं छापलेलं.

धंदा पुस्तकं बांधायचा. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत एक लांबट खोली, तिला दार एक आणि खिडक्या दीड. दीड अशासाठी, की दुसरी खिडकी शेजारच्या शिंप्याच्या कपाटामागे अर्धी गडप झालेली. आत आलं की डाव्या हाताला लोखंडी शिकंजा, शिवलेलं पुस्तक त्यात दाबून ठेवायचं. समोर टेबल, त्यावर दाभण, सुया, मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळं. आणि बाकी सगळीकडे पुस्तकं. कणा मोडलेली, पुठ्ठा सुटलेली, पानं लोंबणारी. दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी.

खळकाकांची शाळा पाचवीत सुटली. शाळेनं त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, यावर घरात दोन मतं होती. पण वाचायचं वेड असं, की विचारू नका. खळ वाळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसानं करायचं काय? विडी ओढली तर कागदाला धोका, झोपलं तर बायकोचा धोका. म्हणून खळकाका वाचायचे. रांगेत पुढे असेल ते. कधी कादंबरीचा मधला तुकडा आधी आणि सुरुवात चार दिवसांनी. नायिका म्हातारी झालेली आधी वाचायची आणि तिचं लग्न नंतर. त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. शेजारणीची गोष्ट आपल्याला कळते ती तरी कुठे पहिल्या पानापासून कळते, म्हणायचे.

आणि पुस्तकांबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, पुस्तक किती मोठं ते प्राध्यापकाला विचारा, पण ते किती वाचलं गेलं ते मला विचारा. खुनाची, प्रेमाची, चोरांची कादंबरी आली की तिच्या कडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्या काळ्या. बोटांचा मळ, चहाचे डाग, एखादं जिऱ्याएवढं मेलेलं झुरळ. थोर म्हणून नावाजलेली जाडी कादंबरी आली की चाळीस पानं काळी, आणि तिथून पुढे दुधासारखी पांढरी. "एक्केचाळिसाव्या पानावर या सगळ्यांचं काय होतं, देव जाणे," खळकाका म्हणायचे. "पण भेटतील तिथे सांगतात, वाचलंय, अप्रतिम आहे."

हे सगळं ते सांगायचे कोणाला, तर मुख्यतः ताईला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. सहा वर्षांनी मोठी. शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, सरळ पाठीची, आवाज असा की दोन वर्गांमध्ये भिंत असली काय आणि नसली काय. खळकाकांना अक्षरओळख तिनेच करून दिली, कानाला धरून. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. ती थोर पुस्तकांकडे गेली, हे मिळेल त्या पुस्तकांकडे. ती दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची, दर एक-दोन दिवसांनी दुकानात यायची, स्टुलावर बसायची, आणि दोघांचं भांडण सुरू व्हायचं. तीस वर्षं तेच भांडण. लोक गाणं ऐकतात, तसं शिंपी पलीकडून ते ऐकायचा.

ताईचं दैवत एकच. एका मोठ्या कुटुंबाची, तीन पिढ्यांची, दोन भागांतली कादंबरी. तिच्यात दीडशे माणसं आहेत असं ताईच सांगायची. खळकाकांचं दैवत म्हणजे एक लंगडा पोलीस अधिकारी आणि एका जवाहिऱ्याचा खून, अशी दोनशे आठ पानांची रहस्यकथा. लोक ती आगगाडीत वाचून बाकावर टाकून देतात. पण खळकाकांनी ती शंभरदा तरी वाचली होती, आणि ती त्यातल्या खुनासाठी नाही, शेवटासाठी.

"एकदा फक्त शेवटची सोळा पानं वाच," ते ताईला म्हणायचे. "तुझ्या त्या थोर लेखकाला जमणार नाही असा शेवट केलाय गड्याने."

"खुनाच्या पुस्तकाला शेवट नसतो, निकाल असतो," ताई म्हणायची, आणि आपल्या कादंबरीतलं काहीतरी सांगायला लागायची. ती सांगायला लागली की खळकाका खळ ढवळायला लागायचे. थोडक्यात, दोघंही तीस वर्षं सांगत होते आणि दोघंही तीस वर्षं ऐकत नव्हते. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

तर झालं असं, की वाचनालयाचा वाढदिवस आला. ग्रंथपालबाईंनी ठरवलं, या वेळी बाहेरचे वक्ते नकोत, आपल्याच एका वाचकाने आवडत्या पुस्तकावर बोलायचं. तो मान ताईचा. दर गुरुवारी दुपारी ती वाचनालयात दहा-अकरा बायका आणि दोन पेन्शनर जमवून आपली कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची. दोन वर्षांत दोन्ही भाग संपवलेले. ताईने वरवर आढेवेढे घेतले, आणि त्याच दुपारी भाषण लिहायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांची भरलेली सभा तिचं स्वतःचं बोलणं गप्प बसून ऐकणार होती. अध्यक्ष म्हणून एक प्राध्यापक येणार होते, ज्यांनी या एकाच कादंबरीवर साडेचारशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. त्या ग्रंथाची वाचनालयातली प्रत खळकाकांनीच पुन्हा बांधली होती. नवव्या पानापासून दूध.

भाषणाच्या आदल्या दिवशी सकाळी ताई दुसरा भाग घेऊन दुकानात आली. कणा सुटला होता. टेबलावर ठेवताना पानं जिवंत असल्यासारखी सरकली.

"उद्या सगळ्यांसमोर हातात धरायचंय," ती म्हणाली. "नीट शीव. तुझंच काम आहे हे, आठवतंय ना?"

आठवत होतं तर. अडतीस वर्षांपूर्वी खळकाका एका छापखान्याच्या बांधणी खात्यात उमेदवारी करत होते. नवीन नवीन हात. ताईची नोकरी तेव्हा नुकतीच कायम झालेली. तिच्याकडे कादंबरीचा पहिला भाग होता, दुसरा बाजारात मिळेना. खळकाकांनी फोरमनच्या हातापाया पडून दुसऱ्या भागाचे शिल्लक राहिलेले कागद मिळवले, आणि त्याच वेळी हावरटपणाने स्वतःसाठी त्या खुनाच्या कादंबरीचेही मिळवले. रविवारी बसून दोन्ही पुस्तकं स्वतःच्या हाताने बांधली. त्यांच्या हातची पहिली दोन पुस्तकं. एक ताईला दिलं, एक ठेवून घेतलं. त्या दिवसापासून ते येईल त्याला सांगत, की माझ्या हातच्या पुस्तकात एक पान जरी इकडचं तिकडे दाखवलं, तर धंदा बंद करीन. अडतीस वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

दुपारी जेवून त्यांनी ताईचं पुस्तक हातात घेतलं. आत खुणेसाठी म्हणून चार घडी घातलेले कागद होते. भाषण. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे खळकाकांना कळत होतं, पण भाषण हे उद्या सगळ्या गावासमोर होणारच, मग आज वाचलं तर काय बिघडलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

भाषण छान होतं. ताईचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं, "आणि मग या कादंबरीचा तो अविस्मरणीय शेवट. रिकाम्या झालेल्या घरात शेवटची सून एकटी बसली आहे. दारावर थाप पडते. आत येतो एक लंगडा पोलीस अधिकारी. तो म्हणतो, कोणीही जागेवरून हलायचं नाही, खुनी याच खोलीत आहे."

खळकाकांनी कागद खाली ठेवला. परत उचलला.

हे वाक्य त्यांना माहीत नव्हतं. पण तो लंगडा त्यांना चांगलाच माहीत होता.

त्यांनी पुस्तकाचे दोरे कापले आणि फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे एकच मोठा कागद. त्यावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापतात आणि घड्या घालतात. असे फर्मे एकावर एक लावले, शिवले, की झालं पुस्तक. कुठला फर्मा कितवा ते कळावं म्हणून पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापतात. आकड्याबरोबर पुस्तकाचं नावही छापायची रीत आहे, पण तो छापखाना हात आखडता घेणारा, नुसता आकडा टाकायचा. ताईच्या पुस्तकाचे फर्मे तेरा. तेरा सोळे दोनशे आठ. खळकाकांच्या खुनाच्या पुस्तकाचेही तेरा. आकार तोच, कागद तोच, अक्षराचा खिळा तोच, कारण छापखान्याकडे खिळाच एक होता.

तेरावा फर्मा उघडला. पान एकशे त्र्याण्णव. लंगडा पोलीस, जवाहिऱ्याचा पुतण्या, मोलकरीण, कंपाउंडर. सगळे हजर.

खळकाका उठले. दुकानाच्या वरच घर होतं, तिथे जाऊन पलंगाच्या उशाचं आपलं पुस्तक आणलं. एकशे ब्याण्णवव्या पानावर लंगडा म्हणतो, "आता मी नाव सांगतो," आणि दाराकडे वळून थाप मारतो, सगळ्यांना आत बोलवायला. पान उलटलं. एकशे त्र्याण्णव. "हमाल दारात उभा होता. ती म्हणाली, थांबा जरा, झाडून घेते."

अडतीस वर्षं खळकाकांना वाटत होतं की ही बाई जवाहिऱ्याची आई किंवा बहीण असणार. खून झाला, पोलीस आले, लोकांनी खुनी खुनी केलं, आणि नाव कळायच्या ऐन वेळी लेखक म्हणतो, मरू दे ते नाव, आता त्या घरात झाडू कोण मारणार ते बघा. या एका गोष्टीसाठी त्यांनी त्या स्वस्त लेखकाला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला होता. खुनी कोण ते सगळेच विचारतात, मागे आवरतं कोण ते कोणी विचारत नाही, असं ते ग्रंथपालबाईंनासुद्धा ऐकवत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ताईच्या कादंबरीचा शेवट त्यांच्या उशाला होता, आणि त्यांचा खुनी ताईच्या कपाटात.

त्यांना आधी हसू आलं. मग भाषणाचा पुढचा भाग दिसला आणि हसू मावळलं. पुढची दोन पानं त्या लंगड्यावरच होती. तो म्हणजे काळ आहे. खुनी याच खोलीत आहे याचा अर्थ, घराचा जीव घरातल्यांनीच घेतला. कंपाउंडर म्हणजे औषधाच्या नावाने विष देणारी नाती. असं बरंच. आणि हे सगळं ताई उद्या पाच वाजता बोलणार होती, त्या कादंबरीवर साडेचारशे पानं लिहिलेल्या माणसाच्या शेजारी उभी राहून.

खळकाका तासभर टेबलाशी बसले. खळ घट्ट झाली. एक मार्ग असा, की गुपचूप फर्मे अदलाबदल करायचे आणि पुस्तक देऊन टाकायचं. पण भाषण? दुसरा मार्ग म्हणजे पुस्तकावर खळ सांडली म्हणायचं. पण भाषण? तिसरा मार्ग, प्राध्यापकांचा पाय मोडावा अशी इच्छा करायची. ते पापच.

बायको चहा घेऊन आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"चूक तुमची, फजिती तिची, आणि बसून विचार कोण करतंय, तर तुम्ही," ती म्हणाली. "चपला घाला."

ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर. पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं, कव्हरांवर नंबर, नंबरांची वही वेगळी. ताई उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. भावाला दारात बघून तिने इस्त्री उभी केली.

"इतक्यात झालं?"

"ताई, तुझ्या पुस्तकातला पोलीस माझा आहे," खळकाका म्हणाले.

ताईला वाटलं नेहमीचीच थट्टा. भाषण वाचलंस ना, म्हणून ती रागावली. मग त्यांनी दोन्ही तेरावे फर्मे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि तळाचे आकडे बोटाने दाखवले. अडतीस वर्षांपूर्वीचा रविवार सांगितला. दोन गठ्ठे एकाच टेबलावर होते, हेही सांगितलं. तिचा चष्मा कपाटावर राहिला होता, आणि तो घेण्याचं तिला सुचेना. म्हणून खळकाकांनीच सांगायला घेतलं. कागदाकडे न बघता.

"हमाल दारात उभा होता. ती म्हणाली, थांबा जरा, झाडून घेते. तो म्हणाला, बाई, उद्या हे घर पाडणार आहेत, झाडून काय करताय? ती म्हणाली, पाडणारे पाडतील. घाण ठेवून जाऊ कशी?"

तिथून ते सांगतच गेले. ती माजघर झाडते, जिना झाडते, दिराच्या खोलीत वाकून कोपऱ्यातलं काढते. झाडता झाडता एक मण्याचा डूल सापडतो, कोणाचा ते तिला आठवत नाही. कुलूप लावते. वीस पावलं जाते, परत येते. हमालाला वाटतं तिला घर शेवटचं बघायचंय. ती फक्त कुलूप ओढून बघते, नीट लागलंय ना, आणि जाते. संपलं.

ताई इस्त्रीच्या टेबलाशी उभीच होती. "तुला हे पाठ आहे?" ती म्हणाली.

"शंभरदा वाचलंय. माझ्या लेखकाचं म्हणून."

मग खाली बसली आणि म्हणाली, "त्या कंपाउंडरला मी किती शोधला रे. पहिला भाग काढून परत परत बघितलं. दीडशे माणसं आहेत, म्हटलं असेल कुठेतरी एका ओळीत. सापडला नाही. वाटलं, आपलंच वाचन कमी पडलं. मोठ्या लेखकाचं आहे, आपल्याला कळत नसेल. मग कोणी विचारू नये म्हणून आपणच अर्थ सांगायला लागले. सांगता सांगता पटायलाही लागला."

खळकाकांनी बहिणीला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, ती आपल्या वहीवर मारत होती.

"अगं, मग मी कोण?" ते म्हणाले. "मी तर तुझ्या लेखकाचा शेवट त्या खुनाच्या लेखकाच्या खात्यावर टाकून त्याला देव केला. आणि वर तुला म्हणत होतो, असा शेवट तुझ्या त्या थोर लेखकाला जमणार नाही."

ताई हसली नाही. उद्या मी जात नाही, म्हणाली. ताप आलाय म्हणून ग्रंथपालबाईंना कळव. अकरा बायकांना मी हे शिकवलंय, त्यातल्या दोघी तर रडल्या होत्या. त्यांना मी काय तोंड दाखवू? आणि तो प्राध्यापक. नाही, नाही. कागद फाडून टाक.

खळकाकांना समजावता येत नाही. त्यांना चिकटवता येतं. ते दोन्ही फर्म्यांच्या कडा जुळवत बसले. मग म्हणाले, "ताप आलाय म्हणून सांगतो मी, त्याला काय. पण ती तुझ्या कादंबरीतली सून काय म्हणाली आत्ता?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं.

"घाण माझी आहे," खळकाका म्हणाले. "उद्या खुशाल नाव घेऊन सांग, माझ्या भावाने माती खाल्ली. मी पहिल्या रांगेत बसतो. पण हे असंच ठेवून घरी बसू नकोस."

ताई उठली. इस्त्री पुन्हा लावली. एक बाही पूर्ण केली. मग विचारलं, "किती वेळ लागेल शिवायला? नीट, बरोबर फर्मा घालून."

"सकाळपर्यंत वाळेल."

ते निघाले. जिन्याच्या तोंडाशी थांबले, मागे आले. अडतीस वर्षांची गोष्ट होती, राहवेना.

"ताई, खून कोणी केला गं?"

"कंपाउंडरने."

"कंपाउंडरने?" खळकाका कठड्याला धरून उभे राहिले. "मला पुतण्या वाटत होता."

"सगळ्यांना पुतण्याच वाटतो," ताई म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आलं. "आता जा, काम कर."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वाचनकक्षात टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पन्नासेक माणसं. खळकाका पहिल्या रांगेत, धुतलेल्या शर्टात, आणि तरी बाहीला खळ. शिंपीही दुकान बंद करून आलेला. प्राध्यापक किरकोळ अंगाचे, दोन्ही पाय शाबूत.

ताई उभी राहिली. पुस्तक समोर ठेवलं. कागद काढलेच नाहीत. वर्गात पहिल्या दिवशी बघायची तसं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"माझं आवडतं पुस्तक मी तीनदा वाचलं," ती म्हणाली. "त्याचा शेवट मात्र काल पहिल्यांदा ऐकला."

आणि तिने सगळं सांगितलं. छापखाना, रविवार, दोन गठ्ठे. लंगडा पोलीस, कंपाउंडर. भावाचा धंदा सांगितला, त्याचा नेहमीचा दावाही सांगितला, आणि मग सरळ बोट केलं. पन्नास माना वळल्या. खळकाकांनी शाळेत कधी केलं नव्हतं ते केलं, उभे राहिले. लोक हसले, पण चांगलं हसले. गुरुवारच्या बायकांतली एक म्हणाली की तरीच, मला तेव्हाच शंका आली होती. तिच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

मग ताई म्हणाली की मी तुम्हाला त्या पोलिसाचा जो अर्थ सांगितला तो मागे घेते, पण एक गोष्ट विचारते. माझ्या भावाने थोर कादंबरीचा शेवट स्वस्त कादंबरीचा म्हणून वाचला आणि त्याला तो थोर वाटला. नाव बघून नाही, वाचून. मी स्वस्त कादंबरीचा शेवट थोर कादंबरीचा म्हणून वाचला आणि मला तो कळेना. पण मी तसं म्हटलं नाही, कारण पुठ्ठ्यावरचं नाव मोठं होतं. तर आमच्या दोघांत वाचक कोण?

एवढं बोलून तिने एकशे त्र्याण्णवावं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. कुलूप ओढून बघण्यापर्यंत. पन्नास माणसांत एक खुर्ची वाजली नाही.

प्राध्यापकांचं भाषण लांबलं नाही. ते म्हणाले, खुनी याच खोलीत आहे, हा अर्थ काही वाईट नव्हता बाई, मला सुचायला हवा होता. मग खाली बसता बसता हळू आवाजात त्यांनी खळकाकांना विचारलं, की त्या रहस्यकथेची प्रत वाचायला मिळेल का. खळकाका म्हणाले, मिळेल, पण आता तिचा शेवट साधा आहे.

बाहेर पडताना शिंपी म्हणाला, "मग काका, धंदा कधी बंद?"

"तुझी दोन्ही पायांची लांबी एक असलेली एक तरी पँट दाखव," खळकाका म्हणाले, "त्या दिवशी."

दोन्ही पुस्तकं आता जशी हवीत तशी शिवलेली आहेत. खळकाकांनी आपलं पुस्तक कंपाउंडरपर्यंत एकदा वाचून काढलं. वाईट नव्हतं. हुशारीचं होतं. पण वाचून झाल्यावर त्यांनी ते उशाला ठेवलं नाही, फळीवर ठेवलं. चार दिवस ते उगाचच चिडचिडे होते. बायको म्हणाली, कोणी गेलंय का तुमचं? काय सांगणार. झाडू मारणारी बाई घरातून निघून गेली, असं सांगायचं?

पाचव्या दिवशी ते ताईकडे गेले आणि पहिला भाग मागून आणला. पहिल्या पानापासून. खळ वाळेपर्यंतचा वेळ, आणि त्याच्या पुढचाही थोडा. ताई दुकानात आली की स्टुलावर बसून खुनाची कादंबरी वाचते. तिने वहीत तिला नंबर दिलाय. वाचता वाचता मध्येच मान वर न करता विचारते, कुठपर्यंत आलास.

परवा तिने विचारलं तेव्हा खळकाकांनी बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं आणि कडा बघितली. ताईच्या जपलेल्या पुस्तकाची चाळीस पानं त्यांच्या बोटांनी काळी झाली होती. बोट एक्केचाळीसमध्ये.

"अजून घरात माणसंच माणसं आहेत गं," ते म्हणाले. "ती तर अजून लग्न होऊन आलीसुद्धा नाही."